अॅलामोगोर्डोचे ४४ चिंपांझी: हलवायचे की आहेत तिथेच ठेवायचे?

ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं, म्हणजे एनआयएचनं, जाहीर केलं की न्यू मेक्सिको राज्यातल्या अॅलामोगोर्डो केंद्रात उरलेले ४४ चिंपांझी आता कुठेही हलवले जाणार नाहीत. हे सगळे सरकारी मालकीचे आणि प्रयोगांतून निवृत्त झालेले. त्यांच्यासाठी लुईझियाना राज्यात सरकारी मदतीवर चालणारं आश्रयस्थान होतं, त्यांना तिथे पाठवावं असा कायदा होता, आणि आश्रयस्थानाची त्यांना घ्यायची तयारीही होती. तरी एनआयएचच्या पशुवैद्यांच्या समितीनं ठरवलं की हे चिंपांझी इतके आजारी आणि थकलेले आहेत की प्रवास त्यांना झेपणार नाही.

हा निर्णय क्रूरपणे घेतला गेला असं मला वाटत नाही. पण तो घ्यायची वेळ ज्या वाटेनं आली, ती वाट प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या संगोपनाशी संबंध असलेल्या प्रत्येकानं नीट पाहावी अशी आहे. या ४४ पैकी एकाचंही नाव मी इथे दिलेलं नाही, त्यांची देखभाल करणाऱ्यांचंही नाही. संस्था, कायदे, आकडे आणि तारखा सार्वजनिक नोंदीतल्या आहेत.

पार्श्वभूमी

अॅलामोगोर्डोजवळ हॉलोमन हवाई तळ आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या हवाई दलानं आफ्रिकेतून चिंपांझींची पिल्लं इथे आणायला सुरुवात केली. वेग, धक्के, कमी दाब यांचा शरीरावर काय परिणाम होतो ते माणसाआधी त्यांच्यावर पाहायचं होतं. इथेच शिकवून तयार केलेला हॅम नावाचा चिंपांझी ३१ जानेवारी १९६१ रोजी अवकाशात जाऊन जिवंत परतला आणि त्याची छायाचित्रं जगभर झळकली. आफ्रिकेत पिल्लू पकडायचं म्हणजे बहुतेक वेळा आधी आईला मारायचं. ती बाजू त्या छायाचित्रांत कुठे दिसली नाही.

अवकाशाची गरज संपली, पण चिंपांझी आणि त्यांची पुढची पिढी मात्र तिथेच राहिली. आता ते संसर्गजन्य रोगांच्या संशोधनासाठी हवे होते. कावीळ ब आणि क यांचे विषाणू माणसाखेरीज चिंपांझीत चांगले रुजतात. पुढे एचआयव्हीसाठीही त्यांचा वापर झाला, पण विषाणू टोचूनही ते क्वचितच आजारी पडत, त्यामुळे त्या कामातून अपेक्षेपेक्षा फार कमी हाती लागलं. त्या प्रयोगांत विषाणू टोचलेले चिंपांझी मात्र पुढची कित्येक वर्षं पिंजऱ्यात होते.

१९९३ पासून हा सगळा कारभार कोल्स्टन फाउंडेशन या खासगी प्रयोगशाळेकडे आला. त्याच वर्षी हीटर बिघडून खोलीतलं तापमान बेसुमार वाढलं आणि तीन चिंपांझी दगावले. १९९८ मध्ये हवाई दलानं आपल्याकडचे १११ चिंपांझी याच संस्थेच्या हवाली केले. प्राणी कल्याण कायद्याच्या उल्लंघनांवरून १९९९ मध्ये कृषी खात्याशी समझोता झाला आणि संस्थेला ३०० चिंपांझी सोडून द्यायचं कबूल करावं लागलं. २००० मध्ये २८८ चिंपांझींची मालकी एनआयएचकडे आली. २००१ पासून हवाई तळावरच्या केंद्राचं दैनंदिन व्यवस्थापन चार्ल्स रिव्हर या कंपनीकडे कंत्राटानं गेलं. त्या कंत्राटात एक अट होती: या केंद्राच्या आवारात चिंपांझींवर प्रयोग करायचे नाहीत.

म्हणजे २००१ पासून या चिंपांझींवर तिथे संशोधन होत नव्हतं, आणि तरी ते निवृत्तही झाले नव्हते. पुढेमागे लागले तर दुसऱ्या केंद्रात नेऊन वापरता येतील म्हणून ते राखून ठेवलेले होते. माझ्या दृष्टीनं या प्रकरणाचं मूळ त्या राखीव अवस्थेत आहे.

२००२ मध्ये कोल्स्टन फाउंडेशन दिवाळखोरीच्या काठावर आली. 'सेव्ह द चिंप्स' या संस्थेनं देणगीच्या बळावर तिची जागा आणि तिथले २६६ चिंपांझी ताब्यात घेतले. एकाच गावात आता दोन गट झाले. दोघांचा इतिहास एक, पण एक गट खासगी आश्रयसंस्थेकडे आणि दुसरा सरकारकडे. या दोन गटांचं पुढे काय झालं हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतं, आणि अशी संधी प्राणी कल्याणाच्या अभ्यासात फार क्वचित मिळते.

त्यांच्या अंगात काय साठलं होतं

निर्णयाकडे येण्याआधी इथे थांबायला हवं, कारण 'हलवल्याचा ताण' हा मुद्दा समजायचा तर आधीचा ताण समजला पाहिजे.

चिंपांझीचं पिल्लू चार-पाच वर्षं आईचं दूध पितं आणि त्यानंतरही काही वर्षं तिच्या मागे मागे असतं. काय खायचं, कुणाला घाबरायचं, कुणाशी कसं जुळवून घ्यायचं हे सगळं ते याच काळात शिकतं. प्रयोगशाळांत जन्मलेली अनेक पिल्लं जन्मानंतर लगेच किंवा काही महिन्यांत आईपासून काढून नर्सरीत वाढवली जात. अशी पिल्लं मोठी झाल्यावरही बसल्या जागी डोलत राहतात, स्वतःला मिठी मारून बसतात, केस उपटतात, विष्ठा खातात, खाल्लेलं तोंडात आणून पुन्हा चघळतात. काहीजण स्वतःलाच चावतात. पिंजरा मोठा केला, सोबत दिली, खेळणी दिली की यातल्या बऱ्याच सवयी कमी होतात. पण लहानपणी लागलेलं डोलणं अनेकदा जन्मभर जात नाही. माणूस जवळ आला, जेवणाला उशीर झाला, शेजारच्या पिंजऱ्यात भांडण झालं की ते परत येतं.

दुसरा ताण बेशुद्ध करण्याचा. रक्त घ्यायचं, यकृताचा तुकडा काढायचा, तपासणी करायची, तर चिंपांझीला आधी भूल द्यावी लागते, कारण पूर्ण वाढलेला नर माणसाच्या आवाक्यातला नसतो. जुनी पद्धत म्हणजे डार्ट, म्हणजे भुलीचं औषध भरलेली सुई, बंदुकीनं मारायचा. बंदूक घेतलेला माणूस दारात दिसला की अख्खी रांग किंचाळायला लागते, पिंजरे हादरवते. ज्याची पाळी नसते तोही घाबरून हगतो-मुततो. हे टाळता येतं. खाऊचं बक्षीस देऊन चिंपांझीला दंड किंवा मांडी जाळीला लावून इंजेक्शन घ्यायला शिकवता येतं. टेक्सासमध्ये झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की स्वतःहून इंजेक्शनसाठी पुढे येणाऱ्या चिंपांझींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि साखर, म्हणजे ताणाच्या खुणा, इतरांपेक्षा कमी होत्या. याचा अर्थ जुन्या पद्धतीनं काढलेल्या रक्तात संशोधक जे मोजत होते त्यात भीतीही मोजली जात होती.

तिसरी गोष्ट एकटेपणाची. ऑस्ट्रियात औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सरासरी दीड दशकाहून जास्त काळ एकेकटे ठेवलेले चिंपांझी नंतर एकत्र आणले गेले, तेव्हा संशोधकांनी विष्ठेतून त्यांच्या ताणाच्या संप्रेरकांवर लक्ष ठेवलं. अगदी कोवळ्या वयात आईपासून तुटलेल्यांना हे एकत्र येणं जास्त जड गेलं. तरी ते एकत्र आले. वेळ लागला, जाळीआडून ओळखी कराव्या लागल्या, काही जोड्या जमल्या नाहीत, पण बरेचजण एकमेकांचे केस विंचरायला लागले.

शरीराचंही काही बाकी होतं. बंदिवासातल्या प्रौढ चिंपांझींच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण हृदयविकार आहे. हृदयाच्या स्नायूत तंतुमय ऊती वाढतात आणि बाहेरून ठणठणीत दिसणारा प्राणी अचानक कोसळतो. अॅलामोगोर्डोत याच्या जोडीला कावीळ, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार आणि म्हातारपण होतं.

अडचण

२०१० मध्ये केंद्रात दोनशेच्या आसपास चिंपांझी होते. एनआयएचनं ठरवलं की कंत्राट संपत आलं आहे, तर हे सगळे टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या प्राइमेट केंद्रात पाठवावेत, म्हणजे ते पुन्हा संशोधनासाठी उपलब्ध होतील. काहींना पाठवलंही. जवळजवळ दहा वर्षं प्रयोगाविना राहिलेल्या, वय झालेल्या प्राण्यांना पुन्हा प्रयोगात ढकलायचं यावर न्यू मेक्सिकोत मोठा विरोध झाला. तेव्हाचे गव्हर्नर बिल रिचर्डसन यांनी आहे त्याच केंद्राचं आश्रयस्थान करावं अशी मागणी केली. सिनेटर टॉम उडाल, जेफ बिंगामन आणि टॉम हार्किन यांनी चिंपांझींची संशोधनाला खरोखर गरज आहे का याचा स्वतंत्र अभ्यास मागितला. जानेवारी २०११ मध्ये स्थलांतर थांबलं. तेव्हा १८६ चिंपांझी अॅलामोगोर्डोत उरले होते.

डिसेंबर २०११ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या वैद्यकीय विषयांवर सल्ला देणाऱ्या संस्थेच्या समितीचा अहवाल आला. चिंपांझींवरचं बहुतेक जैववैद्यकीय संशोधन अनावश्यक आहे असा तिचा निष्कर्ष होता. पुढे कुठलंही काम करायचं तर ते दुसऱ्या कुठल्याही मार्गानं होणार नाही हे दाखवावं लागेल, आणि प्राणी त्यांच्या स्वभावाला साजेशा सामाजिक आणि भौतिक परिसरात असले पाहिजेत, असं समितीनं सांगितलं. एनआयएचचे संचालक फ्रान्सिस कॉलिन्स यांनी शिफारशी मान्य केल्या. मग कार्यगट नेमला गेला आणि त्यानं 'स्वभावाला साजेसा परिसर' म्हणजे काय ते आकड्यांत मांडलं: किमान सात जणांचा गट, दर चिंपांझीमागे १,००० चौरस फूट जागा, चढायला उंची, वर्षभर बाहेर जाता येणं, अन्न शोधून खाण्याची सोय, रोज झोपायला नवं घरटं करता येईल असं साहित्य. जून २०१३ मध्ये एनआयएचनं ठरवलं की ५० चिंपांझी राखून बाकीचे निवृत्त करायचे. २०१५ मध्ये वन्यजीव खात्यानं बंदिवासातल्या चिंपांझींनाही संकटग्रस्त यादीत टाकलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते राखीव ५० देखील निवृत्त ठरले.

कागदावर प्रश्न सुटला. २०००च्या 'चिंप' कायद्यानुसार सरकारी मालकीचे गरज नसलेले चिंपांझी राष्ट्रीय आश्रय व्यवस्थेत जायचे होते. ही व्यवस्था म्हणजे लुईझियानातल्या कीथव्हिल इथलं २०० एकरांचं चिंप हेवन, जिथे २००५ पासून चिंपांझी येत होते. तिथे जागा कमी पडत होती, बांधकाम करायचं होतं, आणि कायद्यानं घातलेली तीन कोटी डॉलरची खर्चमर्यादा २०१३ मध्ये संपत आली होती. अमेरिकी संसदेनं ती उठवली तेव्हा गाडी पुढे सरकली. निरनिराळ्या केंद्रांतून तुकड्या निघू लागल्या. यात वर्षं जात होती आणि अॅलामोगोर्डोतले चिंपांझी म्हातारे होत होते.

शेजारच्या गटाचं काय झालं

सेव्ह द चिंप्सच्या संस्थापक कॅरोल नून यांच्यापुढे २००२ मध्ये काय होतं? काँक्रीटच्या इमारती आणि त्यांत वर्षानुवर्षं एकेकटे ठेवलेले चिंपांझी. त्यांनी लगेच ट्रक बोलावले नाहीत. आधी त्याच इमारतींत डागडुजी केली, पिंजऱ्यांमधल्या भिंतींत दारं काढली, खाणं सुधारलं, पांघरुणं दिली. मग जोड्या जुळवल्या, जोड्यांचे गट केले, गट स्थिरावू दिले. गट एकमेकांना धरून राहायला लागले की मगच खास बनवलेल्या गाडीतून एकेका तुकडीत दहाच्या आसपास चिंपांझी फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्सला जाऊ लागले, देशाच्या नैऋत्य भागातून आग्नेय टोकाकडे. तिथे पाण्यानं वेढलेली बारा बेटं होती, प्रत्येक सुमारे तीन एकरांचं. नून २००९ मध्ये वारल्या. शेवटची तुकडी डिसेंबर २०११ मध्ये पोहोचली.

त्यांतल्या काहींनी गवतावर पाय ठेवायला आठवडे लावले, काही नेहमी इमारतीच्या जवळच राहिले. तेही त्यांचं ठरवणं होतं, आणि दार उघडं होतं. या कामातला क्रम फार महत्त्वाचा आहे. ताण आणणाऱ्या दोन मोठ्या गोष्टी, अनोळखी सोबती आणि अनोळखी जागा, एकाच वेळी अंगावर येऊ दिल्या नाहीत. आधी ओळखीच्या जागेत सोबत जुळवली, मग ओळखीच्या सोबतीत जागा बदलली.

सरकारी गटाकडेही हीच दहा वर्षं होती.

पर्याय

२०१८ येईतो अॅलामोगोर्डोत मागे राहिले होते ते मुख्यतः आजारी आणि वृद्ध. एनआयएचनं जोखीम असलेल्या चिंपांझींचं काय करावं यावर एक कार्यगट नेमला. त्यानं २०१८ मध्ये शिफारस केली की हलवणं हाच नियम असावा. हलवल्यामुळे आयुष्य घटण्याची अतिशय दाट शक्यता असेल तेवढाच अपवाद करावा. या टप्प्यावर समोर चार वाटा होत्या.

पहिली, सगळ्यांना हलवणं. कायदा हेच सांगत होता. चिंप हेवनकडे वृद्ध, हृदयविकाराचे आणि काविळीचे संसर्ग असलेले चिंपांझी सांभाळण्याचा अनुभव होता. विरोधातला मुद्दाही खरा होता. हजार किलोमीटरहून लांब प्रवास, आधी भूल किंवा गाडीत शिरण्याचं प्रशिक्षण, उतरल्यावर विलगीकरण, नवे कर्मचारी, नवे आवाज. स्थलांतरानंतर चिंपांझींच्या रक्तातले प्रतिकारशक्तीचे निर्देशांक काही आठवडे बदललेले राहतात असं आधीच्या अभ्यासांत दिसलं होतं. हृदय मोठं झालेल्या प्राण्याला भूल देणं हीच मोठी जोखीम असते.

दुसरी, एकेकाचा विचार करून काहींना हलवणं. तर्कानं हे सर्वांत सरळ वाटतं. पण चिंपांझी गटात राहतो. धडधाकट तेवढे नेले तर मागे राहिलेल्याचा एकमेव सोबती निघून जाऊ शकतो. गावातल्या घरात साठ वर्षं राहिलेल्या आजीला शहरात न्यावं की नाही हे ठरवताना तिच्या गुडघ्याइतकंच तिची शेजारीण कुठे असेल हेही पाहावं लागतं. इथेही तसंच होतं.

तिसरी, सगळ्यांना तिथेच ठेवणं. ओळखीचा परिसर, ओळखीचे हात, प्रवास नाही. किंमत ही की उरलेलं आयुष्य काँक्रीट आणि लोखंडात, माती-गवत-झाडाविना, आणि दर मृत्यूबरोबर लहान होत जाणाऱ्या गटात.

चौथी, ठेवायचंच असेल तर त्या जागेचं रूप बदलणं. रिचर्डसन २०१० मध्ये मागत होते तशी. केंद्र हवाई तळाच्या आत, कंत्राटावर चालणारं, लोकांना बंद. खर्च आणि मालकीचे प्रश्न होते. तरी माझ्या मते सर्वांत कमी तोलला गेलेला पर्याय हाच.

निर्णय

एनआयएचनं प्रत्येक चिंपांझीच्या प्रकृतीची वर्गवारी केली. माणसांत भूल देण्याआधी रुग्णाची जोखीम ठरवायला भूलतज्ज्ञ जी श्रेणी वापरतात, तिच्यावर ही वर्गवारी बेतलेली होती. रोग किती गंभीर, औषधावर आटोक्यात आहे का, जिवाला सतत धोका आहे का, असे निकष. उरलेले ४४ जण वरच्या जोखमीच्या श्रेणींत आले. समितीनं एकमतानं सांगितलं, हलवू नका. कॉलिन्स यांनी ते मान्य केलं.

या टप्प्याकडे मी पुन्हा पुन्हा परतते, कारण इथे प्रश्न ज्या पद्धतीनं विचारला गेला त्यातच उत्तर ठरून गेलं. 'प्रवासानं हा मरेल का?' असं विचारलं की आजारी प्राण्याबाबत उत्तर बहुधा 'शक्यता आहे' असंच येणार, आणि कोणताही पशुवैद्य त्या शक्यतेखाली सही करायला कचरणार. ते स्वाभाविक आहे. प्राणी रस्त्यात दगावला तर जबाबदार कोण हे स्पष्ट असतं. प्राणी पिंजऱ्यात पाच वर्षांनी दगावला तर ते वय झाल्यामुळे. एका बाजूचा धोका दिसतो आणि दुसऱ्या बाजूचा दिसत नाही.

'उरलेली दोन किंवा चार वर्षं त्याची कशी जातील?' हा प्रश्न त्या श्रेणीत बसत नव्हता. डोलणं दिवसातून किती वेळ चालतं, केस उपटल्यानं अंगाचा किती भाग उघडा आहे, कुणाशी विंचरणं होतं, बाहेर जायची संधी दिली तर तो घेतो का, नव्या वस्तूकडे जातो की मागे सरतो, या नोंदी भूल देण्याची जोखीम ठरवताना लागत नाहीत. पण चिंपांझीला बदल कितपत झेपेल याचा अंदाज याच नोंदींतून सर्वांत चांगला येतो. मधुमेही पण उत्सुक मादी आणि रक्ताचे अहवाल ठीक पण माणूस आला की कोपऱ्यात डोलणारा नर, या दोघांत प्रवास कुणाला जास्त जड जाईल हे नुसत्या प्रयोगशाळेच्या अहवालावरून सांगता येणार नाही.

परिणाम

चिंपांझी तिथेच राहिले. जानेवारी २०२१ मध्ये ह्यूमेन सोसायटी आणि न्यू मेक्सिकोतली अॅनिमल प्रोटेक्शन संघटना यांनी इतरांबरोबर एनआयएचवर दावा लावला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: कायद्यानं सरकारी मालकीचे सगळे गरज नसलेले चिंपांझी आश्रय व्यवस्थेत घ्यायचे आहेत, कोणाला ठेवायचं हे ठरवायचा अधिकार एनआयएचला दिलेलाच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मेरिलँडमधल्या संघीय न्यायालयानं हे म्हणणं मान्य केलं आणि निर्णय कायद्याचं उल्लंघन करणारा ठरवला.

निकालामुळे दुसऱ्या दिवशी दारात गाडी आली नाही. २०१९ ते २०२२ या काळात त्या ४४ पैकी काही दगावले होते, उरलेल्यांचं वय आणखी वाढलं होतं. न्यायालयानं कायद्याचा प्रश्न सोडवला. या एका म्हाताऱ्या, हृदयाच्या औषधांवर असलेल्या प्राण्याला उद्या सकाळी गाडीत घालायचं का, हा प्रश्न पशुवैद्यापुढे तसाच राहिला. मला दोन्ही बाजूंबद्दल आदर आहे. दावा लावणारे बरोबर होते की कायदा पाळला गेला नाही. हलवायला कचरणारे पशुवैद्यही त्या दिवशीच्या त्या प्राण्यापुरते बरोबर असू शकतात. दोघंही बरोबर असू शकतील अशी स्थिती येऊ दिली, इथे खरी चूक झाली.

काय वेगळं करता आलं असतं

निर्णयाची योग्य वेळ २०१९ नव्हती. ती २००१ होती, जेव्हा 'इथे प्रयोग करायचे नाहीत' अशी अट लिहिली गेली. ज्या प्राण्यावर काम होणार नाही त्याला राखीव म्हणून ठेवायला मुदत हवी होती. दोन-तीन वर्षांत गरज लागली नाही तर तो आपोआप निवृत्त. अशी मुदत नसली की राखून ठेवणं हाच वर्षानुवर्षांचा बेत होतो आणि तो कधी कुणी ठरवलेला नसतो. सेव्ह द चिंप्सच्या गटात २००२ मध्ये आजारी आणि म्हातारे नव्हते असं नाही. पण त्यांना हलवायचं आहे हे पहिल्या दिवशी ठरलं होतं, त्यामुळे रोजचं काम त्या दिशेनं चाललं.

दुसरं, तयारी. हलवायचं की नाही हे ठरण्याआधीही करता येण्यासारखं खूप असतं आणि ते वाया जात नाही. गाडीच्या पेटीसारखा डबा पिंजऱ्याला जोडून ठेवायचा, त्यात खाऊ ठेवायचा, दार बंद व्हायची सवय लावायची. दंड पुढे करून इंजेक्शन घेणं, छाती जाळीला लावून हृदयाची सोनोग्राफी करू देणं शिकवायचं. असं शिकवलेल्या चिंपांझीला प्रवासाआधी भूल द्यावी लागण्याची शक्यता कमी होते, आणि भुलीची जोखीम हाच तर न हलवण्याचा मोठा आधार होता. तो प्राणी शेवटी तिथेच राहिला तरी त्याच्या तपासण्या कमी भीतीत होतात.

तिसरं, निर्णय करणाऱ्यांत कोण असावं. मालक संस्थेचे पशुवैद्य हवेतच. त्यांच्याबरोबर वर्तन अभ्यासणारा बाहेरचा माणूस, ज्यानं वृद्ध चिंपांझी प्रत्यक्ष हलवले आहेत असा कुणी, आणि रोज खाणं घालणारा कर्मचारी हवा. शेवटच्याला मत अनेकदा विचारलंच जात नाही. पण कोण सकाळी उठायला वेळ लावतो, कोण कुणाच्या मागोमाग बाहेर येतो, हे त्यालाच ठाऊक असतं.

चौथं, तिथेच ठेवायचा निर्णय झाला तर तो निर्णय म्हणून पाळायचा. म्हणजे २०१३ च्या शिफारशींतली जागा, उंची, घरट्याचं साहित्य, बाहेरचा वावर यांतलं काय काय तिथे आणता येईल त्याचा आराखडा, खर्च आणि तारखा त्याच दिवशी जाहीर करायच्या. गट लहान होत जाईल तसं उरलेल्यांना कुणाबरोबर ठेवायचं हेही आधी लिहून ठेवायचं, कारण शेवटी एक चिंपांझी उरणार हे गणित सगळ्यांना आधीच माहीत असतं.

भारतात चिंपांझींवर असे प्रयोग नाहीत, पण माकडांवर आहेत, आणि आपल्या नियमांत एक तरतूद अशी आहे की जी अॅलामोगोर्डोत १९९० च्या दशकात असती तर पुष्कळ काही वेगळं झालं असतं. प्रयोग करणाऱ्यावर प्रयोगानंतरच्या देखभालीची आणि पुनर्वसनाची जबाबदारी आहे. तो खर्च संशोधनाच्या खर्चात धरायचा आहे, आणि प्राण्याची संवेदनक्षमता जितकी जास्त तितका तो जास्त धरायचा आहे. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढे माकडांचा प्रस्ताव येतो, तेव्हा सदस्यांनी या देखभालीच्या खर्चाचा आकडा वाचावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात. हा आकडा किती वर्षांचा आहे? रीसस माकड बंदिवासात पंचवीस वर्षांच्या पुढेही जगतं, आणि प्रकल्प बहुधा तीन वर्षांचा असतो. प्रयोगानंतर ते माकड कुणाबरोबर राहील? आणि आजपासून त्याच्या वागण्याची नोंद कोण ठेवणार आहे, कारण पुढे कधी त्याला हलवायचं की नाही हा प्रश्न आला तर रक्ताच्या अहवालांबरोबर ती वही टेबलावर असायला हवी.